लिफ्ट उचलत नाही की धरत नाही? जुन्या ट्रॅक्टरचं हायड्रोलिक तपासताना

नांगरटीचे दिवस आहेत, रान अर्धं झालंय आणि लिफ्ट नांगर उचलायला तयार नाही. गॅरेजला फोन केला की बहुतेक वेळा पहिलं वाक्य कानावर पडतं, ‘पंप गेला असणार.’ मग पंप बदलला जातो, बिल भरलं जातं आणि थोड्याच दिवसांत लिफ्ट पुन्हा बसायला लागते. जुना ट्रॅक्टर वापरणाऱ्या वाचकांकडून हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते: पैसे गेले, दोष तिथेच राहिला.

हायड्रोलिकची कामं दोन आहेत. पंप ऑइल ओढून दाब तयार करतो. सिलिंडर, पिस्टन आणि कंट्रोल व्हॉल्व्ह मिळून तो दाब धरून ठेवतात. तुमची तक्रार उचलण्याची आहे की धरण्याची, हे पंपाला पाना लागण्याआधी ठरलं पाहिजे. त्यासाठी लागणारी बरीचशी तपासणी तुम्ही स्वतः, शेतावर उभं राहून, एकही नट न खोलता करू शकता. क्रम मात्र सोडू नका: आधी बाहेरचं आणि स्वस्त, मग आतलं आणि महाग.

हात लावण्याआधी

- उचललेल्या अवजाराखाली जाऊ नका, हातही घालू नका. जी लिफ्ट धरत नाही म्हणून तुम्ही तपासताय, तिच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. वर ठेवून बघायचंच असेल तर खाली भक्कम लाकडी ओंडके लावा. विटा किंवा दगड नकोत, ते फुटतात आणि निसटतात.
- कुठलाही पाइप सैल करण्याआधी अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर दोन-चार वेळा वर-खाली करून आतला दाब सोडा.
- पाइपातली बारीक गळती बोटाने चाचपू नका. लिफ्ट भार उचलत असताना आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या पुढे जाऊ शकतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली ऑइलची धार कातडीतून आत शिरते. जखम दिसते ठिपक्याएवढी, पण आत मांस सडायला लागतं आणि बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर हळद-चुना लावून थांबू नका. तासाभरातच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि ‘हायड्रोलिकचं ऑइल दाबाने आत गेलंय’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळून फिरवा. जिथे पुठ्ठा ओला होईल तिथे दोष.

तुमच्या ट्रॅक्टरचा पंप कोणत्या जातीचा?

आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरांत ढोबळमानाने दोन पद्धती आढळतात, आणि दोन्हींची तपासणी वेगळी आहे.

मॅसी फर्ग्युसन ३५, १३५, १०३५ या कुळात पंप मागच्या हाउसिंगमध्ये ऑइलमध्ये बुडालेला असतो. तो चार पिस्टनचा असून पीटीओच्या शाफ्टवर चालतो. त्यामुळे पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला असेल तर इंजिन कितीही रेस करा, लिफ्ट हलणार नाही. नव्याने जुना मॅसी घेतलेल्यांची ‘लिफ्टच चालत नाही’ ही तक्रार कधी कधी एवढ्यावरच मिटते. सिंगल क्लच असेल तर क्लच दाबला की लिफ्टही थांबते. हा बिघाड नाही, त्या रचनेचा स्वभाव आहे. ड्युअल क्लचमध्ये पेडल अर्धं दाबल्यावर गाडी थांबते आणि लिफ्ट चालू राहते. पूर्ण दाबलं तर तीही थांबते.

महिंद्रा बी-२७५ किंवा स्वराज ७३५ सारख्या ट्रॅक्टरांत गिअर पंप बाहेर, इंजिनाला जोडलेला असतो. इंजिन चालू असलं की पंप चालू, क्लचचा संबंध नाही. इथे ऑइल लांबच्या सक्शन पाइपातून ओढलं जातं, म्हणून पाइप, क्लिपा आणि जाळी या तीन जागा महत्त्वाच्या.

लिव्हरचा गोंधळ आधी संपवा

सीटशेजारी दोन लिव्हर असतात. एक पोझिशनचा, दुसरा ड्राफ्टचा. पोझिशनने अवजार ठरावीक उंचीवर राहतं. ड्राफ्टमध्ये जमिनीचा ओढा वाढला की लिफ्ट आपोआप थोडी वर येते आणि ओढा कमी झाला की खाली जाते.

- रोटाव्हेटर, फवारणी यंत्र, पेरणी यंत्र, मागे टांगून नेण्याचं ओझं: पोझिशन.
- नांगर, जमिनीत खोल जाणारे फण: ड्राफ्ट.

एक लिव्हर वापरताना दुसरा पुस्तिकेत सांगितलेल्या जागीच हवा. मॅसीच्या कुळात पोझिशनने काम करायचं तर ड्राफ्टचा लिव्हर पूर्ण वर ठेवावा लागतो. तो मध्येच कुठेतरी राहिला तर अवजार उचलत नाही किंवा धड खाली जात नाही, आणि लोक पंपाला दोष देतात. रोटाव्हेटर ड्राफ्टवर चालवला तर तो सारखा वर-खाली होतो, रान एकसारखं होत नाही आणि पीटीओ शाफ्टच्या क्रॉसवर नाहक ताण येतो.

लिफ्ट खाली येत नसेल तर आधी सीटखालची किंवा सीटपुढची, उतरण्याचा वेग ठरवणारी चकती पाहा. ती पूर्ण बंद झाली असेल तर अवजार वरच अडकतं. ट्रॉलीचा जॅक चालवण्यासाठी ऑइल बाहेर वळवणारी चावी असेल तर तीही तपासा. ट्रॉली सोडल्यावर ती परत फिरवायची राहिली तर ऑइल लिफ्टकडे जातच नाही.

ऑइल सगळं सांगतं

माझ्या मते जुन्या ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकमध्ये सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे ऑइल. इंजिनाचं ऑइल बदलण्याची लोकांना सवय आहे. मागच्या हाउसिंगचं ऑइल मात्र पाच-पाच वर्षं पाहिलं जात नाही, कमी झालं की वरून ओतलं जातं.

पातळी तपासताना ट्रॅक्टर सपाट जागी ठेवा, लिफ्टचे आर्म पूर्ण खाली घ्या, ट्रॉली जोडलेली असेल तर जॅकही खाली बसवा, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा आणि मग डिपस्टिक काढा. आर्म वर असताना मोजलं तर सिलिंडरमधलं ऑइल हिशेबात येत नाही. ट्रॉलीचा मोठा जॅक एका वेळी बरंच ऑइल ओढून घेतो. पातळी आधीच कमी असेल तर ट्रॉली अर्धवट उचलून थांबते आणि पंप हवा ओढायला लागतो. शिवाय दुसऱ्याची ट्रॉली जोडली की तिच्या पाइपातली घाण तुमच्या हाउसिंगमध्ये येते. गावात ट्रॉली फिरवून वापरत असाल तर कपलिंग जोडण्याआधी दोन्ही तोंडं स्वच्छ कापडाने पुसा. एवढ्याने पंपाचं आयुष्य वाढतं.

आता रंग. काचेच्या बरणीत पेलाभर ऑइल काढून ठेवा.

- दुधाच्या चहासारखं दिसतंय आणि काही मिनिटांत तळापासून स्वच्छ होत गेलं: हवा मिसळलेली आहे. सक्शनच्या बाजूने कुठेतरी हवा घुसतेय किंवा पातळी कमी आहे.
- रात्रभर ठेवूनही तसंच राहिलं, किंवा तळाला पाणी साठलं: पाणी शिरलंय.
- खात्री करायची तर गरम तव्यावर एक थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे. तवा स्वयंपाकाचा नको, आणि चेहरा लांब ठेवा.

पाणी शिरायच्या वाटा ठरलेल्या आहेत: गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर, डिपस्टिकचं सैल झाकण, वॉशिंगला प्रेशरने मारलेलं पाणी, उघड्यावर पावसात उभा ट्रॅक्टर. भंडारा-गोंदियाकडे आणि कोकणात भातखाचरांत चिखलणी करणाऱ्यांच्या ट्रॅक्टरांत अॅक्सलच्या सीलमधूनही पाणी आत जातं. पाणी मिसळलेलं ऑइल फक्त काढून नवं भरलं आणि वाट बुजवली नाही, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

ऑइल काढताना ड्रेनच्या बोल्टवर काय चिकटलंय ते पाहा. काळा बारीक कीस जुन्या गिअरांत थोडाफार असतोच. पिवळसर चमक दिसली तर पितळी बुश झिजताहेत, बहुधा पंपाच्या आतले. लोखंडाचे तुकडे निघाले तर ट्रॅक्टर चालवणं थांबवा. लिफ्ट नंतर, आधी गिअर आणि डिफरन्शियल पाहावं लागेल.

कुठलं ऑइल भरायचं हे पुस्तिकेवरून ठरवा. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रोलिकचं ऑइल एकच असतं, काहींत हायड्रोलिकची टाकी वेगळी असते. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर त्यासाठी बनवलेलं ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइलच लागतं. गिअर पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये ‘जाड ऑइल घातलं की गळती थांबते’ म्हणून ९० नंबर ओतणाऱ्यांचा पंप थंडीत सकाळी उपाशी चालतो आणि कर्कश आवाज करतो. इंजिनातून निघालेलं काळं ऑइल तर कधीच ओतू नका. त्यातली काजळी आणि धातूचा कीस कंट्रोल व्हॉल्व्हच्या बारीक फटींत जाऊन बसतो.

निर्णायक चाचणी: इंजिन बंद करून बघा

पातळी बरोबर, लिव्हर बरोबर, तरी तक्रार आहे. मग ही चाचणी करा. ऑइल गरम होईपर्यंत अर्धा-पाऊण तास ट्रॅक्टर चालवा, कारण थंड ऑइल दोष झाकतं. सपाट जागी नेहमीचा नांगर पोझिशनवर पूर्ण उचला. खालच्या आर्मच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. लिव्हर वरच ठेवून इंजिन बंद करा. सगळ्यांना लांब उभं करा आणि घड्याळ लावा.

नांगर दोन-तीन मिनिटांत जमिनीला टेकला तर दाब धरण्याची बाजू गळतेय. पिस्टनची ओ-रिंग, सिलिंडरला पडलेली रेघ, व्हॉल्व्हची झीज, यांपैकी काहीतरी. बाहेर बसवलेल्या गिअर पंपाचा इथे दोष नाही. तो बदलून काहीही फरक पडणार नाही.

नांगर बराच वेळ वर राहिला, पण इंजिन चालू असताना उचलायलाच कष्ट होत असतील, तर दोष पुरवठ्याच्या बाजूला: जाळी, सक्शन पाइप, पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्ह.

मॅसीच्या कुळात एक अडचण आहे. तिथे दाब धरणारे व्हॉल्व्ह पंपाच्याच अंगात असतात, म्हणून ‘धरत नाही’चं कारण पंपातही सापडू शकतं. त्यासाठी हाउसिंगच्या बाजूचं छोटं कव्हर उपयोगी पडतं. भार उचलून, खाली ओंडके लावून, पण आर्मवर वजन राहू देऊन इंजिन बंद करा. कव्हरच्या खालपर्यंत ऑइल काढा, कव्हर उघडा आणि बॅटरीच्या उजेडात पाहा. वरून सिलिंडरच्या तोंडातून ऑइल ठिबकत असेल तर पिस्टनचं सील. पंपातून वर जाणाऱ्या उभ्या नळीच्या सांध्यातून येत असेल तर तिथली ओ-रिंग. ती किरकोळ वस्तू आहे, आणि तिच्यापायी पूर्ण पंप बदललेले ट्रॅक्टर आहेत. दोन्हीकडे कोरडं असेल तरच पंपाच्या व्हॉल्व्हकडे वळा. कव्हर उघडं असताना इंजिन चालू करू नका. आत पीटीओचा शाफ्ट फिरतो.

लक्षणं आणि त्यांचा अर्थ

- सकाळी उचलते, दुपारी नाही: ऑइल तापून पातळ झालं की झिजलेला पंप किंवा पिस्टन उघडा पडतो. वरची चाचणी गरम ऑइलवर करा.
- सकाळी रडते, तापल्यावर बरी: जाळी तुंबलेली किंवा ऑइल गरजेपेक्षा जाड.
- वर असताना थरथरते, दर काही सेकंदांनी किंचित बसून पुन्हा उचलते: आत गळती आहे. आर्म खाली सरकले की व्हॉल्व्ह ते ओळखून पुन्हा ऑइल पाठवतो, हाच खेळ सुरू राहतो. पंप चांगला आहे म्हणून तर तो परत उचलतोय.
- पूर्ण वर गेल्यावर किंचाळल्यासारखा आवाज: लिफ्ट वर पोहोचली तरी व्हॉल्व्ह बंद होत नाही आणि ऑइल रिलीफ व्हॉल्व्हमधून जातंय. लिंकेजचं सेटिंग बिघडलंय. लिव्हर थोडा खाली घेऊन तात्पुरतं काम भागवा, पण तसंच चालवत राहू नका. ऑइल तापतं आणि पंप लवकर जातो.
- रिकामी उचलते, अवजारासह नाही: पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्ह, किंवा अवजारच जास्त जड.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो. ३५ एचपीच्या आसपासच्या जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट साधारण हजार ते बाराशे किलोंची असते, तीही खालच्या आर्मच्या टोकाशी मोजलेली. वजन जितकं मागे जातं तितकी क्षमता घटते. पलटी नांगर किंवा मोठा रोटाव्हेटर मोठ्या ट्रॅक्टरसाठी घेतलेला असतो आणि भाऊबंदांत फिरत तुमच्याकडे येतो. उचलताना पुढची चाकं हलकी होत असतील तर दोष लिफ्टमध्ये शोधू नका. आणि ‘लिफ्ट दणकट करून देतो’ म्हणत रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर घालणाऱ्याला दारात उभं करू नका. तो व्हॉल्व्ह फुटतूट टाळण्यासाठी आहे. दाब मर्यादेपलीकडे गेला की पाइप, सील, नाहीतर वरचं कव्हरच तडकतं.

सक्शनची बाजू तुम्ही स्वतः करू शकता

गिअर पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये हे पहिलं काम. जाळी काढून डिझेलमध्ये धुवा, वाळू द्या. फाटलेली असेल तर बदला. कापडाने पुसू नका, धागे आत जातात. सक्शनचा रबरी पाइप जुना झाला की आतून सोलवटतो आणि ओढ लागली की चिकटतो. बाहेरून धडधाकट दिसतो, म्हणून हाताने दाबून पाहा. क्लिपा बदला. पंप चालू असताना या बाजूने ऑइल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, त्यामुळे ओलावा दिसला नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. संशयाच्या सांध्यावर बाहेरून थोडं ग्रीस चोपडा. आवाज किंवा फेस कमी झाला तर वाट सापडली.

ऑइल बदलल्यावर लगेच भार देऊ नका. इंजिन मंद गतीवर काही मिनिटं चालवा, रिकामी लिफ्ट हळूहळू वर-खाली करा, हवा निघू द्या आणि पातळी पुन्हा पाहा. ती हमखास खाली गेलेली असते.

गेज लावल्याशिवाय पंपाला हात लावू देऊ नका

इथपर्यंत सगळं पाहून झालं आणि बोट पंपाकडेच दाखवतंय, तर मिस्त्रीला दाबाचं गेज लावायला सांगा. ट्रॉलीच्या ऑइलच्या तोंडाला ते जोडता येतं. लिव्हर पूर्ण उचलून आलेला आकडा पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहा. दाब पुरेसा असूनही लिफ्ट उचलत नसेल तर दोष पुढे, सिलिंडरमध्ये. कमी असेल तर आधी रिलीफ व्हॉल्व्ह काढून साफ करून पुन्हा मोजा. त्यात कचरा अडकला तरी दाब पडतो. त्यानंतरही कमी असेल तरच पंप. गेज नाही म्हणणाऱ्या गॅरेजला पंप देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

वरचं कव्हर काढायची वेळ आली तर

लिफ्टचं कव्हर फार जड असतं. चेन पुली आणि भक्कम आधार नसेल तिथे हे काम करू देऊ नका. झाडाच्या फांदीला दोर बांधून करणारेही आहेत, त्यांना स्पष्ट नाही म्हणा. कव्हर उघडलं की समोर उभं राहून पुढच्या गोष्टी बघा:

- सिलिंडरच्या आतून नख फिरवा. नख रेघेत अडकलं तर नुसती ओ-रिंग टाकून उपयोग नाही, ती काही दिवसांत फाटते. सिलिंडर किंवा लायनर बदला.
- पिस्टनच्या ओ-रिंगसोबत बॅकअप रिंग असेल तर ती ओ-रिंगच्या दाबाविरुद्धच्या बाजूला हवी. उलट बसली तर नवं किटही टिकत नाही.
- कव्हर उघडलंच आहे तर नळ्यांच्या सगळ्या ओ-रिंग बदला. त्या वस्तू स्वस्त आहेत, पुन्हा उघडण्याची मजुरी नाही.
- कव्हर बसवण्याआधी हाउसिंगच्या तळाचा गाळ काढून घ्या.

बिल आणि तुमचा हक्क

काम सुरू होण्याआधी काय काय करणार आणि अंदाजे किती खर्च येणार, हे कागदावर घ्या. काढलेले जुने भाग परत मागा, म्हणजे खरंच बदलले का ते कळतं. पार्ट कंपनीचा की लोकल, हे बिलावर लिहून घ्या. लोकल पार्ट वाईटच असतो असं नाही, पण त्याची किंमत कंपनीची लावलेली चालणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत घ्यायला किंवा सदोष सेवेचे पैसे परत द्यायला, बिलात मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, नकार देणं हेही त्याच व्याख्येत येतं. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः ट्रॅक्टर वापरणारा शेतकरी या कायद्याने ग्राहक ठरतो. आधी लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर बोला. तिथेही मिटलं नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर अर्जाला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. आयोगापुढे बिल, अंदाजपत्रक आणि जुने भाग यांनाच वजन असतं, म्हणून फोनवर ठरलेल्या कामाचाही मेसेज करून ठेवा.

जुना ट्रॅक्टर घेणार असाल तर

व्यवहाराच्या दिवशी ट्रॅक्टर अर्धा तास चालवून गरम करा आणि लिफ्टला जड अवजार लावायला सांगा. रिकामी लिफ्ट वर-खाली करून दाखवणं याला काही अर्थ नाही. इंजिन बंद करून किती वेळ धरते ते मोजा. डिपस्टिकवरचं ऑइल बघा. कालच बदललेलं, स्वच्छ नवं ऑइल दिसलं तर ड्रेनचा बोल्ट थोडा सैल करून तळाचं चमचाभर काढा. वरचं ऑइल नवं असलं तरी तळाचा गाळ आणि पाणी बऱ्याचदा तसंच राहिलेलं असतं. लिफ्ट धरत नसेल तर कव्हर उघडण्याचा अंदाजे खर्च गॅरेजमधून विचारून तो किमतीतून वजा करून मागा, आणि मालक त्याला तयार नसेल तर दुसरा ट्रॅक्टर बघा.